गेटपाशी बसकण मारणाऱ्या बुंदीसाठी

प्रश्न: आमची बुंदी साडेतीन वर्षांची शिह त्झू आहे, वजन ५.५ किलो. आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. डिसेंबर-जानेवारीत ती रोज सकाळी उड्या मारत फिरायला यायची. फेब्रुवारी संपत आला तसं काहीतरी बिनसलं. आता मी पट्टा हातात घेतला की ती सोफ्याखाली जाऊन बसते. उचलून खाली नेलं तर गेटपर्यंत येते आणि तिथे फतकल मारते. ओढलं तर पोटावर आडवी होते. घरात मात्र खाणं-खेळणं सगळं नीट. ऑफिसला जाण्याआधी, सव्वाआठच्या सुमारास मी तिला नेते. सासूबाई म्हणतात, फार लाडावली आहे, दोन दिवस सक्ती करा म्हणजे सरळ होईल. मला सक्ती करवत नाही आणि तिला न फिरवणंही पटत नाही. काय करू?

उत्तर:

ताई, सक्ती करवत नाही हे फार बरं आहे. करूच नका. कारण सांगते.

गेली तेवीस वर्षं मी पुण्यात प्राण्यांची डॉक्टर म्हणून काम करते आहे आणि दरवर्षी होळीच्या आगेमागे ही तक्रार माझ्याकडे हमखास येते. ‘हिवाळ्यात छान चालायचा हो, आता ढिम्म हलत नाही.’ कुत्रा बहुतेक वेळा छोटाच असतो: शिह त्झू, पग, पॉम, डॅशहंड. छोट्या कुत्र्याला उचलता येतं, फरफटत नेता येतं, म्हणून तो बसला तर का बसला हे कुणी विचारत नाही. चाळीस किलोचा लॅब्रॅडॉर गेटपाशी बसला असता तर घरातली चार माणसं थांबून म्हणाली असती, याला झालंय तरी काय? बुंदीलाही तोच प्रश्न विचारायचा आहे.

तुमच्या लिहिण्यातला एक तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पट्टा पाहूनच ती सोफ्याखाली जाते. ज्या कुत्र्याला नुसतं ऊन सोसत नाही, तो दारातून आनंदाने बाहेर पडतो आणि पुढे उन्हात जाऊन थांबतो. ज्याच्या मनात बाहेरच्या कशाची तरी भीती बसली आहे, तो पट्टा दिसला की लपतो, कारण पट्टा म्हणजे आता ‘तिकडे’ जायचं, हे त्याला ठाऊक असतं. आणि ज्याला कुठेतरी दुखतंय तो दोन्ही करू शकतो. त्यामुळे बुंदीच्या बाबतीत माझा पहिला संशय भीतीवर आहे, दुसरा दुखण्यावर. ऊन तिसरं, पण तेही सोडायचं नाही, कारण पुढचे तीन महिने तेच वाढत जाणार आहे.

सगळ्यात आधी एक सोपी गोष्ट करा. तुमच्या वॉचमनकाकांना विचारा. गेटवर कधी काय घडलं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. होळीच्या आधी दोन-तीन आठवडे सोसायटीतली मुलं गॅलरीतून पाण्याचे फुगे मारायला लागतात. बुंदीच्या खांद्याची उंची २५ सेंटिमीटरच्या आसपास असेल. तिच्या शेजारी फुगा फुटला तर आवाज, पाणी आणि वरून अचानक आलेली वस्तू हे तिन्ही तिला एकदम लागतं. असं एकदाच झालं तरी पुरतं. कुत्र्याला फुग्याचा राग येत नाही, ती जागाच त्याला नकोशी होते. किंवा गेटजवळ एखाद्या भटक्या कुत्रीने पिल्लं घातली असतील. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्या बऱ्याचदा हिवाळ्यात वितात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं दुडूदुडू पळायला लागलेली असतात आणि आई डोळ्यांत तेल घालून राखण करत असते. तुमचं लक्ष फोनवर असताना तिने बुंदीकडे एकदा दात विचकून पाहिलं असेल तर तुम्हाला कळणारही नाही.

पानगळीचंही बघा. ऐकायला विचित्र वाटेल, पण शिरीषाच्या वाळक्या शेंगा या दिवसांत वाऱ्याने खुळखुळ वाजतात, पिंपळाची सुकी पानं फरशीवरून सरसरत पाठीमागून येतात. एरंडवण्यात मी एक चिमुकली पॉम पाहिली होती. तिला पानांचा तो सरसर आवाजच सहन होत नव्हता आणि घरच्यांनी महिनाभर कारण शोधलं ते गाड्यांच्या हॉर्नमध्ये. शिवाय त्याच पानांचे ढीग सकाळी पेटवतात. आपल्याला तो धूर नुसता डोळ्यांना झोंबतो. शिह त्झूचं नाक आधीच चपटं, श्वासाची वाट आधीच अरुंद, तिला तो धूर थेट छातीत जातो. पानं जाळू नका म्हणून मी आमच्या गल्लीत किती वेळा भांडले आहे ते विचारू नका.

आता एक प्रसंग सांगते, म्हणजे मी ‘कारण शोधा’ म्हणते तेव्हा नेमकं काय करायचं ते कळेल. काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत मी एक पग पाहायला गेले होते. पाच वर्षांचा, नाव गुंड्या. घरातले आजोबा त्याला फिरवायचे, चहा-पेपर उरकून दहाच्या सुमारास. ते अगदी हिरमुसले होते. त्यांना वाटत होतं, हा आपल्याशीच असा वागतो. मी म्हटलं, रोज नेता तसंच न्या, मी मागून येते. गुंड्या लिफ्टमधून उतरला, पार्किंगमधून ऐटीत चालला, एका स्कूटरच्या चाकाला मान दिला आणि गेटच्या अलीकडे पावसाच्या पाण्याच्या चरावर आडवी लोखंडी जाळी असते ना, तिच्या हातभर अलीकडे थांबला. पुढचा डावा पाय उचललेला, कान मागे, नजर जाळीवर. मग खाली बसला. आजोबांनी पट्टा किंचित ताणला. गुंड्याने मागच्या पायांवर वजन टाकलं.

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि तळवा जाळीवर ठेवला. दोन सेकंदही ठेववेना. जानेवारीत त्या वेळी शेजारच्या इमारतीची सावली तिथे असायची. सूर्य उत्तरेकडे सरकला तशी ती सावली हलली होती, आणि आजोबा उभ्याने चपला घालून चालत असल्यामुळे त्यांना ते कळायचं काही कारण नव्हतं. जाळीच्या पट्ट्यांमधली फट गुंड्याच्या पंजाएवढीच, म्हणजे पाय अडकण्याचीही भीती. वर आणखी एक व्हॅन इंजिन चालू ठेवून गेटवर उभी होती. मी बसले होते त्या उंचीवर सायलेन्सरची गरम हवा थेट तोंडावर येत होती. उभी राहिले तर काहीच जाणवत नव्हतं.

आजोबांनी वेळ बदलून पावणेसात केली, जाळीवर काथ्याचं जुनं पायपुसणं टाकलं आणि पहिले काही दिवस गुंड्याला ती उचलून पार करून दिली. दोन आठवड्यांत तो पायपुसण्यावरून स्वतः जायला लागला.

तेव्हा ताई, उद्या बुंदी जिथे बसते तिथे तुम्हीही बसा. लोक बघतील, बघू देत. जमिनीवर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवा. ठेववली नाही तर तिच्या पंज्यांनाही तिथे चालवणार नाही. तिच्या डोळ्यांच्या रेषेत समोर काय दिसतं, काय वाजतं, कसला वास येतो, बघा. तुमच्या सव्वाआठच्या वेळेला रस्ता अजून भाजण्याइतका तापलेला नसतो, म्हणून जमीन हेच कारण असेल असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण सव्वाआठ ही शाळेच्या व्हॅन, ऑफिसच्या गाड्या, दूधवाले, झाडूवाले या सगळ्यांची एकत्र गर्दीची वेळ आहे. डिसेंबरात तुम्ही तिला याच वेळी नेत होतात का, की सुट्ट्या होत्या म्हणून वेळ वेगळी होती? आठवून बघा.

त्यानंतर एक चाचणी करा. मी ती प्रत्येक अशा कुत्र्याची करते. बुंदीला हार्नेस (गळ्याऐवजी छातीवर बसणारा पट्टा) आणि हातातला पट्टा घालून कडेवर घ्या, गेट ओलांडा, शंभर-दीडशे पावलांवरच्या एखाद्या शांत, सावलीच्या जागी न्या आणि घराकडे तोंड करून खाली ठेवा. काही बोलू नका, काही करू नका, नुसतं बघा आणि जमल्यास कुणाकडून मोबाइलवर चित्रीकरण करून घ्या. शेपटी पोटाशी घेऊन घराकडे सुसाट निघाली तर भीती. आरामात वास घेत, शेपटी पाठीवर ठेवून चालली तर अडचण फक्त त्या गेटची आहे, आणि ही सगळ्यात चांगली बातमी. घराकडे जातानासुद्धा अडखळत, थांबत, एखादा पाय झटकत चालली तर दुखणं. आणि सावलीत चालून उन्हाच्या रेषेपाशी थांबली तर उत्तर समोरच आहे.

दुखण्याबद्दल मी जरा जास्त सांगणार आहे, कारण इथे मी एकदा चुकले आहे आणि ती चूक मला अजून टोचते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक छोटी पॉम आली होती. घरात उड्या मारते, बाहेर चालत नाही. मी टेबलावर तपासली, सगळं ठीक वाटलं, आणि मालकिणीला सांगितलं, हट्टी आहे, सवय लावा. तीन महिन्यांनी ती लंगडत परत आली. मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी जागेवरून सरकत होती. छोट्या जातींमध्ये हे फार सर्रास दिसतं. घरात दहा पावलांचं खेळणं तिला चालत होतं, बाहेर सलग चालणं नाही. मी तिला चालताना पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून ‘घरात खेळतो’ हे ऐकून मी कधी निर्धास्त होत नाही.

याची खूण अशी: चालता चालता कुत्रा एक मागचा पाय वर उचलतो, तीन पायांवर दोन-तीन उड्या मारतो आणि मग काही झालंच नाही असा पाय टेकवून पुढे जातो. लोकांना ते गोड वाटतं. ते गोड नाही, तपासून घ्यायचं लक्षण आहे. सुरुवातीच्या पायरीवर वजन आटोक्यात ठेवून आणि स्नायू मजबूत करून बहुतेक कुत्री छान राहतात. पुढच्या पायऱ्यांवर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

पंजे आज रात्रीच बघा. शिह त्झूच्या बोटांच्या मध्ये केस वाढतात, त्यांच्या गाठी होतात आणि त्या गाठी म्हणजे चपलेत खडा घेऊन चालण्यासारखं. त्यातच आपल्याकडे या दिवसांत सराटे आणि कुसळं. पावसाळ्यात वाढलेलं टेकडीवरचं कुसळी गवत आता पार वाळलेलं असतं. वेताळ टेकडी किंवा तळजाईला एकदा जाऊन आलं की आपल्या मोज्यांत कुसळं शिरतात, तशी ती कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात, कानात, काखेत शिरतात. कुसळाचं टोक एकाच दिशेने पुढे सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या मधे लाल फुगवटी दिसली, ती सतत पंजा चाटत असेल किंवा एकदम डोकं झटकायला लागली असेल तर डॉक्टरकडे जा, घरी सुईने टोकरू नका. नखं फरशीवर टकटक वाजत असतील तर ती वाढली आहेत, कापून घ्या. आणि डोळ्यांवर आलेले केस बांधा किंवा कापा. समोरचं धड दिसत नसेल तर गेटवरची प्रत्येक हालचाल तिला अंगावर आल्यासारखी वाटणार.

उन्हाळा येतो म्हणून तिचे केस सरसकट भादरून टाकू नका. आटोपशीर कापा, पण कातडी दिसेल इतके नकोत. उघड्या कातडीला ऊन थेट लागतं.

गोचिडी. उष्मा वाढला की त्यांचीही पैदास वाढते. आपल्याकडची तपकिरी गोचीड घरात, भिंतीच्या फटीत, सोफ्याच्या शिवणीत बिनबोभाट राहते. पोटभर रक्त प्यायलेली एक मादी हजारांच्या घरात अंडी घालते. तिसऱ्या मजल्यावर राहतो म्हणून सुटलो, असं समजू नका. कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली बोटं फिरवून बघा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. बोटांनी चिरडू नका, रॉकेल लावू नका. यातून येणारा ताप, ज्याला आपण सगळे टिक फीवर म्हणतो, तो कधी कधी सुरुवातीला फक्त एवढाच दिसतो: कुत्र्याला चालावंसं वाटत नाही. हिरड्या फिकट, खाण्यावरची इच्छा कमी, अंग गरम, नाकातून रक्त, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी रक्ततपासणी करा. बुंदी नीट खाते-खेळते आहे, त्यामुळे मला तशी फार शंका नाही. पण गोचिडीची गोळी किंवा पाठीवर लावायचं औषध चालू नसेल तर तिच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून आत्ताच सुरू करून घ्या.

पट्टा गळ्यात घालता का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण ‘ओढलं तर’ हे वाचून मला गळ्याचीच काळजी वाटली. छोट्या जातींच्या श्वासनलिकेच्या कूर्चा नाजूक असतात. गळ्यावर वारंवार ओढ बसली की खोकला सुरू होतो, कोरडा, बदकाच्या आवाजासारखा. आणि चपट्या नाकाच्या कुत्र्याला गळ्यावर दाब म्हणजे घुसमट. तिने पोटावर आडवं होणं हे कदाचित त्या दाबापासून सुटण्यासाठीच असेल. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस घ्या. दोन बोटं आत जातील इतका सैल. पट्टा दोन-अडीच मीटरचा साधा, चाकावर गुंडाळला जाणारा नको.

आता चालायला कसं लावायचं. पहिले चार-पाच दिवस ‘वॉक’ हा शब्द विसरा. शी-शूसाठी तिला उचलून गेटच्या पलीकडच्या शांत जागी न्या, काम झालं की उचलून परत. याने ती लाडावणार नाही. रोज त्याच जागी तिची भीती पुन्हा ताजी होऊ न देणं, एवढंच आपण करतोय. पट्टा आणि बाहेर जाणं यांची जी गाठ तिच्या मनात बसली आहे ती घरात सोडवायची. त्याचं कसं ते शेवटी सांगते.

पाचव्या-सहाव्या दिवशी वेळ बदला. मार्चमध्ये आपल्याकडे सकाळी पारा १५-१६ अंशांवर असतो आणि दुपारी ३५-३६ वर. सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. साडेसहा ते साडेसात हा तासच तिचा. संध्याकाळी सातला हवा थंड वाटते, पण डांबर आणि पेव्हर ब्लॉक दिवसभराची धग धरून असतात, म्हणून संध्याकाळी हात लावून बघितल्याशिवाय खाली ठेवू नका. सकाळी लवकर उठणं तुम्हाला जड जाईल, ऑफिस आहे, मला कळतं. पण दहा मिनिटं पुरतात.

त्या दहा मिनिटांत गेट ओलांडायचं नाही. ती जिथे बसते त्या जागेच्या पंधरा पावलं अलीकडे थांबा. उकडलेल्या बिनमीठाच्या चिकनचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे खिशात ठेवा, चिकन करत नसाल तर पनीर. ती गेटकडे बघेल. कान पुढे येतील. त्याच क्षणी एक तुकडा तिच्या पायाशी टाका. परत बघेल, परत टाका. तुकडा तिच्या नाकासमोर धरून तिला पुढे खेचत नेऊ नका. भुकेपोटी ती चार पावलं येईल, मग एकदम भानावर येईल आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या हातातल्या चिकनवरही तिचा विश्वास राहणार नाही. बक्षीस तिने धीर केल्यानंतर द्यायचं. आणि ती बसण्याच्या आधी तुम्ही वळायचं. हे सगळ्यात अवघड आहे, कारण नीट चाललंय असं वाटलं की आपण अजून दोन पावलं हाव करतो. करू नका. ती अजून उत्सुक असतानाच ‘चल’ म्हणून घरी फिरा. दुसऱ्या दिवशी चौदा पावलं, मग बारा. एखाद्या दिवशी मागे जावं लागलं तर मागे जा.

मधेच ती थांबली तर तुम्हीही थांबा. पट्टा सैल सोडा, इतका की त्याचा खाली झोळ पडेल. पट्टा ताणला की कुत्रा उलट्या दिशेने जोर लावतो, ते त्याच्या अंगातच आहे. तिच्याकडे टक लावून बघू नका, थोडं बाजूला तोंड करून उभ्या राहा आणि मनात वीसपर्यंत मोजा. बऱ्याचदा तेवढ्यात नाक जमिनीला लागतं. नाक चालू झालं म्हणजे भीती उतरायला लागली. मग ती जाईल तिकडे जा, दोन खांब हुंगत बसली तरी बसू द्या. हुंगणं हेच तिचं फिरणं आहे. शिह त्झूला रोज दोन किलोमीटर तुडवायची गरज नसते. सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटांचं निवांत हुंगणं तिला भरपूर आहे. वीस मोजूनही ती बसलेलीच असेल, जांभया देत असेल, ओठ चाटत असेल, तर न बोलता उचला आणि घरी या. रागावू नका, पुचकारूही नका.

भटकी कुत्री लांबून येताना दिसली तर सरळ रेषेत जाऊ नका, रस्ता बदलून वळसा घाला. बुंदीला उचलायचं असेल तर ती कुत्री लांब असतानाच, सावकाश. अगदी जवळ आल्यावर झटक्याने वर उचललं तर समोरचा कुत्रा उडी मारतो. तिची रेबीजची लस या वर्षीची झाली आहे ना, एकदा पुस्तक काढून तारीख बघून ठेवा.

उन्हाबद्दल एवढंच लक्षात ठेवा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही धड जमत नाही. त्याचं नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ते ४१ च्या पुढे गेलं की जीवावर बेतू शकतं. धाप थांबत नाही, लाळ घट्ट झाली आहे, हिरड्या गडद लाल दिसतात, चाल झोकांड्या खाते, असं कधीही दिसलं तर सावलीत न्या, साधं नळाचं पाणी अंगभर ओता, पंखा लावा आणि ओल्या अंगानेच डॉक्टरकडे निघा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्यात उष्णता कोंडते. पाण्याची छोटी बाटली आणि वाटी मार्चपासूनच सोबत असू द्या.

धुळवड आणि रंगपंचमी, दोन्ही दिवस तिला उजाडायच्या आत फिरवून आणा आणि मग दिवसभर घरात ठेवा. बाहेरून रंगलेले हात घेऊन आलेल्यांनीही आधी हात धुवायचे. केसांत गेलेला रंग ती चाटून पोटात घेणार. इतक्या मेहनतीने धीर धरलेली बुंदी त्या एका सकाळी पुन्हा सोफ्याखाली गेली तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, किंवा चाचणीत ती लंगडताना दिसली, तर ते मोबाइलवरचं चित्रीकरण घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. टेबलावर कुत्री अंग आखडून उभी राहतात, दुखणं लपवतात. ते चित्रीकरण डॉक्टरांना फार कामाला येईल.

आता पट्ट्याचं. तुम्ही दिवसभर बाहेर असता, सासूबाई घरी असतील तर हे काम त्यांनाच द्या, आणि ‘तुमच्यावाचून होणार नाही’ असं सांगून द्या, कारण ते खरंच आहे. दुपारच्या चहाच्या वेळी बुंदीला हाक मारायची. सोफ्याखाली असेल तर ओढून काढायची नाही, ती आपण होऊन येईपर्यंत वाट बघायची. पट्टा जमिनीवर ठेवायचा, शेजारी पनीरचा तुकडा. तिने खाल्ला की पट्टा उचलून ठेवायचा. दोन-तीन दिवसांनी हार्नेस अंगावर ठेवायचा, तुकडा द्यायचा, हार्नेस काढायचा. मग बकल लावायचं, तुकडा, बकल काढायचं. दाराकडे जायचं नाही, चपला घालायच्या नाहीत. एकदा चहाच्या वेळी आणि एकदा दिवेलागणीला.